चुंबकत्व गटाच्या वर्षाचा हिशेब कसा वाचावा?

विद्यापीठांतील चुंबकत्व संशोधन आणि तेथील विद्यार्थ्यांची कामगिरी यांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली असून परदेशातील एका विद्यापीठाच्या चुंबकत्व गटात पीएचडीसाठी तिची निवड झाली आहे. त्या गटाने आपल्या गेल्या वर्षाचा अहवाल पाठवला आहे. त्यात शोधनिबंधांची यादी, दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध मान्य झाल्याची बातमी, पोस्टरसाठी एका विद्यार्थिनीला मिळालेले पारितोषिक, न्यूट्रॉन केंद्रावर मिळालेला वेळ आणि उन्हाळी शाळेची छायाचित्रे आहेत. आम्हा दोघांचेही शिक्षण कला शाखेचे. गट चांगला आहे की नाही, हे या अहवालावरून कसे ओळखावे?
— एक पालक, सातारा

उत्तर : आपण लिहिलेल्या सर्व गोष्टी खऱ्या कामाच्याच आहेत, मात्र सगळ्यांचे वजन सारखे नाही. सर्वांत आधी मान्य झालेले दोन प्रबंध पाहा. त्या दोघांची नावे शोधनिबंधांच्या यादीत कुठे येतात, ते मुलीला शोधायला सांगा. प्रायोगिक भौतिकशास्त्रात ज्याने प्रत्यक्ष काम केले त्याचे नाव सहसा पहिले आणि मार्गदर्शकाचे शेवटी असते. ज्या गटात विद्यार्थ्यांची नावे वारंवार पहिली येतात, तिथे विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न स्वतः धसास लावू देतात असे समजायला हरकत नाही.

त्यानंतर न्यूट्रॉन केंद्राची ओळ. ही ओळ बाहेरच्या वाचकाला रूक्ष वाटते, पण माझ्या मते साऱ्या अहवालात तिचे मोल फार मोठे आहे. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो. तरी तो स्वतः एक सूक्ष्म चुंबक असतो. त्यामुळे स्फटिकात शिरल्यावर अणू कुठे बसले आहेत हे तर तो सांगतोच, शिवाय प्रत्येक अणूचा चुंबकीय आघूर्ण, म्हणजे त्याचे इवलेसे चुंबकत्व, कोणत्या दिशेला आहे, तेही सांगतो. लुई नेएल यांनी १९३० च्या दशकात असे मांडले होते की काही पदार्थांत शेजारशेजारच्या अणूंचे आघूर्ण एकमेकांच्या विरुद्ध दिशांना असतात आणि म्हणून बाहेरून पाहता काहीच चुंबकत्व दिसत नाही. ही रचना प्रत्यक्ष दिसली ती १९४९ मध्ये, जेव्हा क्लिफर्ड शल आणि सॅम्युएल स्मार्ट यांनी अमेरिकेतील ओक रिज येथे मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉन सोडले आणि खोलीच्या तापमानाला नसलेली नवी शिखरे थंड केलेल्या नमुन्याच्या आलेखात त्यांना आढळली. नेएल यांना १९७० चे आणि शल यांना १९९४ चे नोबेल मिळाले. आजही फ्रान्समधील ग्रनोबल किंवा इंग्लंडमधील आयसिस या केंद्रांवर वेळ हवा असेल, तर वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवले जातात, बाहेरच्या तज्ज्ञांची समिती ते पारखते आणि मंजूर झालेल्यांना मोजके दिवस मिळतात. ते यंत्र रात्रंदिवस चालते, त्यामुळे नमुना बदलणे, तापमान उतरवणे, आलेला आलेख बघून पुढचे मापन ठरवणे हे सारे रात्री-अपरात्रीही करावे लागते, आणि ते बहुधा विद्यार्थीच करतात. म्हणजे त्या एका ओळीचा अर्थ असा की गटाचा प्रश्न परक्या तज्ज्ञांनाही विचारण्याजोगा वाटला आणि तो सोडवण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांच्या हाती दिली गेली.

उन्हाळी शाळाही चांगलीच. आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या मॅग्नेटिक्स सोसायटीची शाळा २००८ पासून भरते. जगभरातून सुमारे शंभर विद्यार्थी निवडले जातात आणि २०१२ मध्ये ती चेन्नईत झाली होती. पोस्टरचे पारितोषिक मिळवणाऱ्या मुलीचे मनापासून कौतुक करावे, पण गटाची पारख त्यावरून करू नये.

अहवालात बहुधा नसलेली एक गोष्ट मुलीने पत्र लिहून जरूर विचारावी : नमुने कोण बनवते? बाहेरून आलेल्या नमुन्यांवर नुसती मापने करणे आणि स्वतः धातू वितळवून, भट्टीत तापवून, क्ष-किरणांनी तपासून मग मापनाला बसणे यांत शिकण्याच्या दृष्टीने फार अंतर आहे.

प्रश्न : पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून खरोखर महत्त्वाचा शोध लागतो का? की तो मार्गदर्शकाच्या मोठ्या कामातला एक लहानसा तुकडा पूर्ण करतो आणि पदवी घेऊन बाहेर पडतो?
— एम.एस्सी.चा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : लागतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील चुंबकत्व गटाचे १९९० हे वर्ष त्याचा उत्तम दाखला आहे.

त्या सुमारास जगभर निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांच्या चुंबकाचा बोलबाला होता. जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समधील जॉन क्रोट यांनी तो १९८३-८४ मध्ये स्वतंत्रपणे पुढे आणला होता. त्याची ताकद विलक्षण. पण क्यूरी तापमान, म्हणजे ज्याच्यावर चुंबकत्व मोडते ते तापमान, अवघे ३१२ अंश सेल्सिअस. मोटारीच्या इंजिनाजवळ किंवा विजेच्या मोटरमध्ये त्याच्या बऱ्याच खालीही त्याचा जोर ओसरू लागतो. लोखंडच मुख्य असलेला, पण उष्णता सोसणारा दुसरा पदार्थ हवा होता. दोन समॅरियमला सतरा लोखंड अशा प्रमाणाचे एक संयुग माहीत होते. त्यात लोखंड भरपूर, पण दोन वैगुण्ये होती. त्याचे क्यूरी तापमान सुमारे ११६ अंशच होते, आणि त्याच्या स्फटिकातील आघूर्णांना एका ठरावीक अक्षाऐवजी एका पातळीत कोणत्याही दिशेला वळणे सोयीचे जाई. असा पदार्थ कायमचा चुंबक होऊ शकत नाही, कारण त्याला दिलेली दिशा तो धरून ठेवत नाही.

ट्रिनिटीत मायकेल कोई यांच्या गटात पीएचडीसाठी काम करत असलेल्या हाँग सुन यांनी कोई यांच्यासह या संयुगाची पूड अमोनिया वायूत तापवली. कृती सांगायला सोपी वाटते : मिश्रधातू वितळवायचा, दळून बारीक पूड करायची, नळीतून अमोनिया सोडत काही शे अंशांपर्यंत तापवायची. अमोनियातील नायट्रोजनचे अणू स्फटिकात शिरतात आणि समॅरियमच्या भोवतीच्या रिकाम्या जागांमध्ये, प्रत्येक सूत्रामागे सुमारे तीन, असे बसतात. त्यामुळे स्फटिकाचे आकारमान सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. लोखंडाचे जे अणू एकमेकांच्या इतके जवळ होते की त्यांच्यातली चुंबकीय ओढ कमकुवत पडत होती, ते आता दूर सरतात आणि ती ओढ बळावते. क्यूरी तापमान ११६ अंशांवरून सुमारे ४७६ अंशांवर गेले. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे समॅरियमच्या शेजारी येऊन बसलेल्या नायट्रोजनने आघूर्णांची आवडती दिशाच बदलली. पूर्वी पातळीत भटकणारे आघूर्ण स्फटिकाच्या अक्षाला घट्ट धरून राहू लागले. दोन्ही वैगुण्ये एकाच प्रक्रियेत गेली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधनिबंधावर लेखकांची नावे दोनच होती, मायकेल कोई आणि हाँग सुन.

पुढची अडचणही सांगायला हवी. हे नायट्राइड सुमारे ६०० अंशांच्या वर टिकत नाही. त्याचे समॅरियम नायट्राइड आणि साधे लोखंड असे विघटन होते. त्यामुळे पूड दाबून, भाजून घट्ट ठोकळा बनवण्याची नेहमीची रीत इथे चालत नाही आणि ती प्लास्टिकमध्ये मिसळून साच्यात ओतावी लागते. जपानी कंपन्यांनी या रीतीने त्याचे उत्पादन उभे केले. निओडिमियमचा चुंबक बाजारातून हटला नाही, पण उष्णता आणि गंज यांचा प्रश्न असलेल्या लहान मोटरींत या पदार्थाला स्वतःची जागा मिळाली. एका पीएचडीच्या कामातून एवढे निघाले, हे थोडे नव्हे.

आपल्या पत्रातील दुसऱ्या भागालाही उत्तर देतो. मार्गदर्शकाच्या मोठ्या कामातला तुकडा पूर्ण करण्यातही कमीपणा नाही. डब्लिनच्या गटाला दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये आणि लोखंड यांच्या संयुगांचा आधीपासून सराव होता, युरोपातल्या अनेक प्रयोगशाळा या प्रश्नावर मिळून काम करत होत्या, आणि म्हणूनच नायट्रोजन आत गेल्यावर काय मोजायचे, हे तिथे लगेच सुचू शकले.

प्रश्न : अशा वार्षिक अहवालांत केवळ यश दिसते. ज्या निष्कर्षांचा पुढे टिकाव लागत नाही, त्यांचे काय होते? विद्यार्थ्याचे वर्ष वाया गेले असेच ना?
— अभियांत्रिकी महाविद्यालयातील अध्यापक, नाशिक

उत्तर : चुंबकत्वात हा प्रश्न इतर शाखांहून अधिक जवळचा आहे, कारण इथे मोजायच्या वस्तूपेक्षा तिच्यावरची धूळ अधिक चुंबकीय असू शकते.

वर सांगितलेल्या डब्लिनच्याच गटाने २००४ मध्ये नेचर या नियतकालिकात असे प्रसिद्ध केले की हाफ्नियम ऑक्साइडच्या पातळ थरांत खोलीच्या तापमानालाही लोहचुंबकत्व दिसते. हे फार चकित करणारे होते, कारण या ऑक्साइडमध्ये एकटा, जोडीविना राहिलेला इलेक्ट्रॉनच नसतो आणि चुंबकत्वाला तर तोच लागतो. अनेक प्रयोगशाळा कामाला लागल्या. २००५ मध्ये अमेरिकेतील एका गटाने दाखवले की काळजीपूर्वक हाताळलेल्या स्वच्छ थरांत असे काही दिसत नाही. मात्र तोच थर स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने उचलला, तर जवळपास तसेच संकेत मिळतात.

यातले गणित प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने एकदा स्वतः करून पाहावे. एक मायक्रोग्रॅम लोखंडाचा संपृक्त, म्हणजे जास्तीत जास्त, आघूर्ण सुमारे ०.०००२ ईएमयू (आघूर्णाचे एकक) भरतो. चांगला स्क्विड मॅग्नेटोमीटर, म्हणजे अतिशय क्षीण चुंबकत्व मोजणारे यंत्र, याच्या हजारो पट लहान आघूर्ण ओळखतो. म्हणजे चिमट्याच्या टोकाने नमुन्याच्या कडेवर ओढलेला, डोळ्यांना न दिसणारा ओरखडा यंत्राला स्पष्ट दिसतो आणि त्याचा हिस्टेरिसिसचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र वाढवत-घटवत काढलेला, आलेखही अगदी खऱ्यासारखा सुबक येतो. म्हणूनच अशा प्रयोगशाळांत प्लास्टिकचे किंवा टायटॅनियमचे चिमटे वापरतात, आणि ज्या तबकडीवर थर चढवायचा ती कोरी असतानाच तिचे आधी मापन करतात. पातळ थराच्या मापनात तबकडीचा स्वतःचा प्रतिचुंबकीय प्रतिसाद उतरत्या सरळ रेषेसारखा येतो. तो वजा केल्यावर जे उरते तेवढेच थराचे. ही वजाबाकी करताना रेषेचा उतार किंचित चुकला, तरी नसलेले चुंबकत्व आलेखात उमटते. ज्या विद्यार्थ्याने कोऱ्या तबकड्यांची मापने करण्यात महिने घालवले आणि अखेरीस “इथे काही नाही” असे खात्रीने सांगितले, त्याचे वर्ष मी वाया गेले असे कधीही म्हणणार नाही. उलट हा निष्कर्ष अहवालात ठळकपणे यावा, असे मला मनापासून वाटते.

पण अशुद्धी नेहमी शत्रूच असते असेही नाही, आणि त्याचा दाखला मुंबईत आहे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या संशोधकांनी यिट्रियम, निकेल आणि बोरॉन यांच्या एका संयुगाचे मापन केले, तेव्हा सुमारे १२ केल्विनला त्यात अतिसंवाहकतेची, म्हणजे वीज विनाअडथळा वाहण्याची, क्षीण खूण दिसली. निकेलसारखे चुंबकीय मूलद्रव्य भरपूर असलेल्या पदार्थाकडून ही अपेक्षा नव्हती. संकेत इतका दुबळा होता की नमुना खराब निघाला म्हणून टाकून देणे सहज शक्य होते. या गटाने माग काढला आणि त्या नमुन्यात नकळत शिरलेला थोडासा कार्बन हे त्याचे कारण असल्याचे ओळखले. मग त्यांनी मुद्दाम कार्बन घातला आणि क्षीण खुणेच्या जागी साऱ्या नमुन्यात पसरलेली अतिसंवाहकता मिळाली. हा शोधनिबंध जानेवारी १९९४ मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये आला. त्याच महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांच्या गटाचेही या कुळातील पदार्थांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि यिट्रियमच्या जागी होल्मियम किंवा अर्बियम घातलेल्या संयुगांत चुंबकत्व आणि अतिसंवाहकता एकत्र कशी नांदतात, हा पुढे कित्येक वर्षांचा अभ्यासविषय झाला. मुंबईच्या या कामात संशोधक विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता. डब्लिनच्या थरावर लोखंड बाहेरून चिकटू शकते हे उघड झाले, मुंबईच्या संयुगात कार्बन मुळात हवाच होता. आणि दोन्हीकडे उत्तर मिळाले ते पदार्थात नेमके काय आहे हे चिकाटीने तपासल्यामुळे.

प्रश्न : मला प्रयोगांपेक्षा गणिताची ओढ आहे. सैद्धांतिक काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्ष कशावरून मोजायचे? त्याला दाखवायला नमुना नसतो, यंत्र नसते.
— विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : चुंबकत्वाच्या सिद्धांताचे दोन मोठे खांब पीएचडीच्या प्रबंधांतच आहेत, आणि दोन्हींचे उत्तर “नाही” असे आहे. नील्स बोर यांनी १९११ मध्ये कोपनहेगनला आणि हेंड्रिका फान लेउवेन यांनी १९१९ मध्ये लायडनला, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे सिद्ध केले की न्यूटनचे नियम आणि अभिजात सांख्यिकी एवढ्यांवरच विसंबले, तर औष्णिक समतोलात कोणत्याही पदार्थाचे चुंबकत्व शून्यच यायला हवे. लोहचुंबक तर आपल्या डोळ्यांसमोर आहे; म्हणजे चुंबकत्व समजून घ्यायला क्वांटम सिद्धांतावाचून इलाज नाही, हे या प्रबंधांनी दाखवले. फान लेउवेन या लोरेन्ट्स यांच्या विद्यार्थिनी. पुढे त्या डेल्फ्टला शिकवत राहिल्या.

दुसरा खांब म्हणजे एर्न्स्ट इझिंग यांचा प्रबंध, हँबर्ग, १९२४. त्यांचे मार्गदर्शक विल्हेल्म लेन्झ यांनी सुचवलेले प्रतिमान असे : प्रत्येक आघूर्ण फक्त वर किंवा खाली असेल आणि फक्त शेजाऱ्याशी बोलेल. इझिंग यांनी एका ओळीतल्या आघूर्णांसाठी ते अचूक सोडवले आणि शून्याच्या वरच्या कोणत्याही तापमानाला त्यात लोहचुंबकत्व निर्माण होत नाही, असे दाखवले. तीन मितींतही तसेच होईल हा त्यांचा अंदाज मात्र चुकला. १९३६ मध्ये पायर्ल्स यांनी दोन मितींत चुंबकत्व टिकते असा युक्तिवाद मांडला आणि १९४४ मध्ये ऑन्सागर यांनी ते पूर्ण गणिताने सोडवले. इझिंग तोवर संशोधनापासून दूर गेले होते. ज्यू असल्यामुळे नाझी जर्मनीत त्यांची शिक्षकाची नोकरी गेली, युद्धाचा काळ लक्झेंबर्गमध्ये गेला आणि १९४७ मध्ये अमेरिकेला गेल्यावर त्यांनी इलिनॉय राज्यातील ब्रॅडली विद्यापीठात अनेक वर्षे अध्यापन केले. आपल्या प्रबंधातले प्रतिमान जगभर आपल्या नावाने ओळखले जाते, हे त्यांना फार उशिरा कळले.

तेव्हा आपण वर्षअखेरीस एवढे पाहावे की एखादा प्रश्न नेमका मांडून तो शेवटपर्यंत, कोणतेही गृहीतक न लपवता, सोडवला का. उत्तर होकारार्थी आहे की नकारार्थी, ही गोष्ट त्यानंतरची.

प्रश्न : आमच्या विद्यापीठात फेराइटवर बरेच काम चालते, पण मोठी यंत्रे नाहीत. पीएचडीला किती पेपर लागतात? आणि आमच्यासारख्यांच्या वर्षाच्या अहवालात सांगण्याजोगे काही येऊ शकते का?
— संशोधक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पेपरांचे आधी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे ही अट राहिलेली नाही. आपल्या विद्यापीठाने स्वतःचा काही नियम ठेवला आहे का, ते पीएचडी विभागात विचारून घ्यावे.

फेराइटचे, म्हणजे लोखंड असलेल्या चुंबकीय ऑक्साइडांचे, काम आपल्याकडे, कोल्हापुरात आणि इतरत्रही पुष्कळ झाले आहे आणि त्यातून मराठवाड्यातल्या व पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक विद्यार्थ्यांना संशोधनाची वाट सापडली. पण एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. सोल-जेलने, म्हणजे द्रावणाचे जेल करून, पूड बनवायची, जस्ताचे किंवा कोबाल्टचे प्रमाण थोडे बदलायचे, क्ष-किरणांचा आलेख आणि हिस्टेरिसिसचा आलेख काढायचा आणि संपृक्त चुंबकन वाढले वा घटले एवढे नोंदवून थांबायचे, अशा कामाची आता फार पुनरावृत्ती झाली आहे. फेराइटमध्ये खरा प्रश्न असतो तो कोणता धनायन (धातूचा धनभारित अणू) स्फटिकातल्या कोणत्या जागेवर बसला हा. चार ऑक्सिजनांनी वेढलेल्या आणि सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या जागांवरचे आघूर्ण परस्परविरुद्ध असतात, आणि एकूण चुंबकत्व म्हणजे त्यांच्यातली वजाबाकी. ही वाटणी नुसत्या क्ष-किरणांवरून ठरवणे अवघड, कारण लोखंड, कोबाल्ट आणि निकेल हे त्यांना जवळपास सारखेच दिसतात. त्यांतला कोबाल्ट न्यूट्रॉनला ठळकपणे निराळा दिसतो.

आणि न्यूट्रॉन आपल्यापासून दूर नाहीत. इंदूरला मुख्यालय असलेल्या यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमचे मुंबई केंद्र विद्यापीठांतील संशोधकांना तुर्भे (ट्रॉम्बे) येथील ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉन मापने करण्याची संधी देते. इंदूरला कमी तापमानाची आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्राची यंत्रे आहेत, तसेच इंडस-२ हा सिंक्रोट्रॉनही (प्रखर क्ष-किरण देणारे यंत्र) आहे. मार्गदर्शकांशी बोलून नमुन्यांतले दोन-तीनच निवडा, ज्यांत चुंबकन अपेक्षेहून वेगळे आले आहे असे, “या जागेवर नेमके कोण बसले आहे?” हा एकच प्रश्न प्रस्तावात लिहा, स्वतः काढलेले क्ष-किरणांचे आणि चुंबकनाचे आलेख जोडा, आणि किती ग्रॅम पूड लागेल हे केंद्रातील शास्त्रज्ञांना आधीच विचारा. न्यूट्रॉनला क्ष-किरणांहून खूपच अधिक नमुना लागतो, म्हणून ती सारी पूड एकाच घाण्यात बनवून ठेवा. नाही तर मुंबईत मोजलेला नमुना आणि तुमच्या प्रयोगशाळेत मोजलेला नमुना एकच होता, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही.